उभ्या ट्रकचा पावसाळा

माझ्या नवऱ्याचा पाय मोडला तो ट्रक चालवताना नाही, ट्रकवरून उतरताना. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली राख भरायची आणि सिन्नरकडच्या वीट कारखान्यांना नेऊन टाकायची, हा यांचा लग्नाआधीपासूनचा धंदा. राख वाऱ्याने उडते म्हणून वरून ताडपत्री ओढून दोरांनी आवळावी लागते. त्या दिवशी शेवटची गाठ मारून हे ट्रकच्या मागच्या फाळक्यावरून खाली उतरत होते. चपलेखाली राखच होती. पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. मृग लागायला थोडेच दिवस होते. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं की दिवाळीपर्यंत गाडीचं नाव काढायचं नाही.

एका अर्थी वेळ बरी होती. पावसाळ्यात विटांचं काम थंडावतं, म्हणजे ट्रक तसाही फार फिरला नसता. पण दर पावसाळ्यात हे घरी असायचे आणि सारखे ट्रकच्या मागे असायचे. या वेळी ट्रक एकटाच उभा राहणार होता, नाशिकरोडच्या आमच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर, गवतात, उघड्यावर.

हा ट्रक आम्ही घेतला तेव्हाच जुना होता. पुढचा बंपर चेपलेला होता. यांनी जाड पत्र्याचा नवा बंपर बनवून घेतला आणि सातपूरच्या एका प्लेटिंगवाल्याकडून त्यावर क्रोम चढवून आणलं. पुढच्या चाकांच्या टोप्याही क्रोमच्या, आणि चाकाच्या एकेका नटावर छोटी टोपी, तीही क्रोमची. राखेचा ट्रक दिवसभर करडाच असतो, त्याला चकाकी कशाला, असं सगळे म्हणायचे. हे ऐकून घ्यायचे. संध्याकाळी घरी आले की आधी बंपर धुणार, चाकं धुणार, कोरड्या फडक्याने पुसणार, मगच चहा. राख ओली झाली की चिकटून बसते, पाणी धरून ठेवते आणि तिच्या आडून गंज शिरतो, असं यांचं म्हणणं. मी घरी शिवणकाम करते. मशीनवर बसल्या बसल्या खिडकीतून हे सगळं बघायची आणि म्हणायची, माझ्या वाट्याला यातलं थोडं आलं असतं तर बरं झालं असतं. हे नुसते हसायचे.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा यांची कॉट त्याच खिडकीपाशी टाकली होती. उजेड येतो, वारा येतो, आणि ट्रक दिसतो, म्हणून मी मुद्दाम तिथे टाकली. पहिल्याच दिवशी यांनी कॉट फिरवायला सांगितली. उशी दुसऱ्या बाजूला घेतली. आता तोंड भिंतीकडे होतं. जेवायला दिलं तर जेवायचे, औषध दिलं तर घ्यायचे, व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची तिच्यासमोर पाय हलवायचे, ती गेली की पुन्हा भिंत. मी काही विचारलं तर हो किंवा नाही. माझा नवरा फार बोलका कधीच नव्हता, पण हे गप्प राहणं वेगळं होतं. मला त्याची भीती वाटायला लागली होती.

यांचा धाकटा भाऊ सातपूरला कारखान्यात आहे. दर दोनचार दिवसांनी कामाची पाळी सुटली की भावाला बघायला यायचा. चांगला माणूस. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच, की उभी गाडी सडते. टायर बसतात, बॅटरी जाते, पत्रा गंजतो, आणि दिवाळीला पाय बरा झालाच तरी दादा ट्रक चालवू शकेल याची खात्री कोणी दिलेली नाही. त्यापेक्षा आत्ताच मोडीत काढावा. एका सकाळी तो भंगारवाल्यालाच घेऊन आला.

मी हात पुसत प्लॉटवर गेले. भंगारवाला ट्रकभोवती फिरला, टायरला लाथ मारून बघितली, मग पुढे येऊन बंपरवर किल्लीने टकटक केली. एका कोपऱ्यात मोहरीएवढे दोनतीन तांबूस ठिपके होते. किल्लीच्या टोकाने त्याने त्यातला एक खरवडला. कर्र असा आवाज आला. मी सहज घराकडे बघितलं. हे कोपरावर उठून खिडकीतून बघत होते. कॉटवर उलट्या बाजूला वळून, मोडका पाय तसाच ताणून, चेहरा कसानुसा करून बघत होते. माझी नजर गेली तसे पटकन आडवे झाले.

मी भंगारवाल्याला म्हटलं, "किल्ली खिशात ठेवा. ट्रक विकायचा नाही."

"वहिनी, मी दादाला विचारलंय," भावजी म्हणाले. "तो विक म्हणाला."

"मला कोणी विचारलं नाही."

भंगारवाला जाताना म्हणाला, पावसाळा काढू द्या, मग मी पुन्हा येतो, तेव्हा वजनावर घेईन. ते वाक्य माझ्या फार जिव्हारी लागलं. मी घरात आले. त्याच दुपारी मी कामाला लागले.

गंज मला अगदीच नवा नव्हता. शिवणाऱ्या बाईला सुईचा गंज माहीत असतो. पावसाळ्यात उघडी राहिलेली सुई आठवड्यात खरखरीत होते आणि रेशमी कापडाचा धागा ओढते. म्हणून मी सुया तेलाचं बोट लावून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवते. मला वाटलं, ट्रकलाही तसंच करावं. बंपर धुतला, पुसला, मशीनचं तेल फडक्यावर घेऊन सगळीकडून लावलं, आणि वरून प्लास्टिकची ताडपत्री पुढच्या बाजूने घट्ट लपेटून दोरीने आवळली. वारा शिरणार नाही, थेंब शिरणार नाही. मोठं काम केल्यासारखं वाटलं.

पाऊस सुरू झाला, चांगला झडीचा. उघडीप मिळाली तशी मी ताडपत्री सोडली. आतून ताडपत्रीला घाम सुटला होता. बंपरवर थेंब थेंब साचले होते आणि तेल कुठेच नव्हतं. जिथे दोनतीन ठिपके होते तिथे आता तांबडी पुरळ उठली होती. चाकांच्या टोप्यांच्या कडेने बारीक तांबूस रेघ फिरली होती. बाहेरचा पाऊस मी अडवला होता, पण जमिनीतून, गवतातून वर येणारी ओल आत कोंडून ठेवली होती.

शेजारीण कुंपणापाशी उभी होती. तिने सांगितलं, त्यात काय, संडास धुवायचं अ‍ॅसिड टाका, पाच मिनिटांत पांढरं शुभ्र. तिच्या घरच्या नळांना ती तेच लावते. ती लगेच बाटली घेऊनही आली. मी बाटलीचं झाकण उघडलं, आणि घरातून आवाज आला.

"अ‍ॅसिड नको!"

कितीतरी दिवसांत तो आवाज मी ऐकला नव्हता. शेजारीण दचकली. हे खिडकीचे गज धरून बसले होते. उठून बसायला मदत लागायची, पण आता कोणाच्याही मदतीशिवाय उठून बसले होते.

मी बाटली बंद करून शेजारणीला परत दिली आणि खिडकीपाशी गेले. हे रागावले होते. दम लागला होता. म्हणाले, "क्रोम कांद्याच्या पापुद्र्याएवढं असतं. अ‍ॅसिड त्याला खातं. आणि जिथं भोक पडलंय तिथनं आत शिरून लोखंडाला खातं. वरनं चार दिवस चमकंल आन मग सगळंच सुटून येईल."

"मग काय लावू?"

मला वाटलं, पुन्हा भिंतीकडे वळतात की काय. मग म्हणाले, "चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद हाय का घरात?"

मला हसू आलं. होता. त्याचा बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि ठिपक्यावर हलक्या हाताने गोल फिरवायचा, एवढंच यांनी सांगितलं. भांड्याची तारेची घासणी अजिबात नको, पॉलिश कागद नको, त्यांनी क्रोमला ओरखडे पडतात. हा कागद क्रोमपेक्षा मऊ, म्हणून क्रोमला धक्का लागत नाही, गंज तेवढा निघतो. रस्त्यात कुठे थांबले की हे डब्यातल्या कागदाने तेच करायचे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी समजत होते हे नुसते पुसतात.

मी बोळा फिरवायला लागले. पाणी तपकिरी झालं. खिडकीतून हे सांगत होते, जोर नको, घाई नको, आता पुसून बघ. मी पुसलं. पुरळ गेली होती. जिथे ठिपके खोल होते तिथे सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे राहिले होते, पण तांबडं काहीच नव्हतं. मी ओरडून सांगितलं. हे म्हणाले, इथनं नीट दिसत नाय. आणि म्हणाले, ती कॉट जरा फिरव.

त्या दिवसानंतर आमचं दोघांचं काम सुरू झालं. सांगताना सोपं वाटतं, पण आमची रोज भांडणं व्हायची. यांना खिडकीतून अर्धंच दिसायचं आणि हुकूम पूर्ण द्यायचे. मला माझ्या डोक्याने करायचं असायचं. मशीनचं तेल पातळ, पावसाच्या सरीत निघून जातं, हे माझं मलाच कळलं होतं. यांनी मेणाचं पॉलिश लावायला सांगितलं, जे चारचाकीवाले लावतात ते. पातळ थर, वाळू द्यायचा, मऊ फडक्याने चोळायचा, आणि मग पुन्हा एक. मी त्यावर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला, कारण मेण कडेकडेला, जोडापाशी नीट बसत नव्हतं. हे म्हणाले त्यावर धूळ चिकटेल. मी म्हटलं गाडी उभी आहे, राख कुठून येतेय. तिथे मी जिंकले. गाडी रस्त्यावर काढताना ते पुसून टाकायचं, एवढी अट मात्र यांनी घातली.

ताडपत्रीचं मी वेगळं केलं. चार बांबू रोवले आणि ट्रकच्या तोंडापुढे छपरासारखी उतरती ताडपत्री बांधली, खालून सगळं मोकळं, म्हणजे पाऊस वरच्यावर जाईल आणि वारा खेळेल. फाटक्या जागा दाभणाने सुतळी घालून मीच शिवल्या. चाकांखालचं गवत विळ्याने कापून काढलं. चिखलात रुतलेली जागा बघून भावजी एका सुट्टीच्या दिवशी वीट कारखान्यातल्या फुटक्या विटा टेम्पोतून घेऊन आले आणि अंथरायला लागले. भंगारवाल्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. विटा अंथरून झाल्यावर चहा घेतला आणि म्हणाले, वहिनी, अजून लागल्या तर सांगा.

आमची मुलगी दिंडोरीला दिली आहे. जावयांची द्राक्षबाग आहे. ती भेटायला आली तेव्हा मला बादल्या उचलताना बघून पुढच्या खेपेला घरचा फवारणीचा पंप घेऊन आली. पाठीवर अडकवायचा, नळी धरली की कानाकोपऱ्यात पाणी जातं. मी खूश झाले. पंप भरायला गेले तर टाकीच्या तळाशी निळसर कड दिसली. बागेवर मोरचूद मारलेलं होतं, दुसरं काय. तांब्याचं ते मीठ उघड्या लोखंडाला लागलं तर अ‍ॅसिडच्या वरताण झालं असतं. पंप परत पाठवला. मुलगी हिरमुसली, पण जावयांनी कोरा पंप आणून दिला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'ट्रक' असं लिहून. बागेतल्या माणसांनी चुकूनही नेऊ नये म्हणून.

श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला तेव्हा यांच्या हातात वॉकर आला होता. घरातल्या घरात चार पावलं टाकायची, असं व्यायामवाल्या मुलीने सांगितलं होतं. कॉटपासून दारापर्यंत जायला यांना कंटाळा यायचा. एक दिवस यांनी विचारलं, बंपरच्या मागच्या बाजूला हात घालून बघितला का. मी नाही म्हटलं. मागची बाजू दिसतच नाही, तिथे क्रोमही नाही. हे म्हणाले, तेच तर. पुढून कितीही पुसा, बंपर मरतो तो मागून. चाकाने उडवलेला चिखल आणि राख मागे साचते, तिथे नुसतं उघडं लोखंड असतं, ते आतून फुगत येतं आणि एक दिवस पुढचं क्रोम खपली निघावी तसं निघतं.

मी हात घातला. ओंजळभर ओली राख निघाली, सिमेंटसारखी बसलेली. ती ओंजळ मी तशीच घरात नेऊन यांना दाखवली. यांनी ती बघितली, वॉकर पुढे ओढला आणि उभे राहिले. मी म्हटलं, कुठे निघालात. म्हणाले, "तुला एकटीला नाय जमणार ते."

दारापर्यंत गेले. दाराची पायरी मी धरून उतरवली. अंगणातून प्लॉटपर्यंत जाताना दोनदा थांबले, घाम फुटला, ओठ दाबून धरले होते. मला थांबवावंसं वाटत होतं आणि थांबवायचं नव्हतंही. ट्रकपाशी पोचले. वॉकर सोडला नाही, पण एक हात सोडवून बंपरवर ठेवला. हात तसाच बराच वेळ ठेवून होते. मी दुसरीकडे बघत राहिले.

मग खुर्ची आणून त्यांना बसवलं आणि मी पोतं अंथरून ट्रकखाली शिरले. राख खरवडून काढली, पाण्याने धुतली, तारेच्या ब्रशने लोखंड लख्ख होईपर्यंत घासलं. पुढे जो ब्रश चालत नाही तो मागे चालतो, हेही तेव्हा कळलं. दोन दिवस कोरडी हवा मिळाली. गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साईडचा हात दिला, तो वाळल्यावर वरून काळा रंग. माझ्या केसांत, कोपरांवर, कानामागे रंग होता. हे खुर्चीवरून वाकून वाकून बघत होते आणि उरलेली जागा दाखवत होते. व्यायामवाली मुलगी आली तर घरात कोणीच नाही. ती शोधत प्लॉटवर आली, यांना तिथे बघून आधी रागावली, मग म्हणाली, रोज इथपर्यंत या आणि परत जा, हाच व्यायाम.

चाकं राहिली होती. टोप्या उतरवल्या, आतली माती काढली, पुसल्या, मेण लावलं. नटांच्या छोट्या टोप्या मी घरी आणून चाळणीत धुतल्या आणि सुपात वाळत घातल्या. शेजारीण विचारायला लागली, कसले पापड घातलेत. त्या परत बसवण्याआधी एकेका नटाला ग्रीसचं बोट लावलं. पण यांना चैन पडेना. चाक एकाच जागी उभं राहिलं की टायर तिथे चपटा होतो, आणि चाकाची जी बाजू खाली असते तिला ओल लागून तीच बाजू आधी गंजते. म्हणजे ट्रक थोडा पुढे-मागे हलवायला हवा. यांना क्लच दाबायची परवानगी नव्हती. भावजींना मोटरसायकलपलीकडे काही येत नव्हतं.

हे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "मला? मला मशीनचं पायडल येतं फक्त."

"पायडलच हाय हे पण," हे म्हणाले. "जरा मोठं."

इतक्या वर्षांत मी त्या केबिनमध्ये डाव्या बाजूला कितीतरी वेळा बसले होते. उजव्या बाजूला पहिल्यांदाच बसले. पुढे सरकले तरी पाय जेमतेम पोचत होते, म्हणून पाठीमागे उशी घेतली. हे खाली वॉकर धरून उभे होते, बाजूला, लांब. किल्ली फिरवली. इंजिन कुरकुरलं, पुन्हा फिरवली, मग सगळी केबिन थरथरायला लागली. क्लच पूर्ण दाब, पहिला गिअर, आता हळूहळू सोड, मशीनवर टीप मारताना सोडतेस तसा, असं हे सांगत होते. मी सोडला. ट्रकने एक गचका खाल्ला आणि बंद पडला. दुसऱ्या वेळेला अंगणाच्या भिंतीकडे सरकायला लागला तेव्हा माझ्याकडून ब्रेक इतका जोरात दाबला गेला की उशी खाली पडली. तिसऱ्यांदा तो हलला. हळू, जडशीळ, विटांवरून चाकं कडकड करत हात-दोन हात पुढे गेला आणि मी म्हटलं तिथे थांबला. माझ्या आयुष्यात एवढी मोठी वस्तू माझ्या पायाच्या इशाऱ्यावर कधी हलली नव्हती. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून यांच्याकडे बघितलं. हे हसत होते. तोंडभरून, दात दिसेपर्यंत. मी पुन्हा एकदा पुढे नेला, गरज नसताना. मग मागे घेतला.

त्यानंतर आठवड्यातून एकदा मी ट्रक सुरू करून हलवायची. कॉलनीतल्या बायका गच्चीवरून बघायच्या.

गणपती उठले, पितृपक्ष संपत आला आणि भंगारवाला सांगितल्याप्रमाणे खरंच आला. त्याच्याबरोबर आणखी एक माणूस होता, जुन्या गाड्या घेऊन विकणारा. भावजीही नेमके घरी होते. तिघे प्लॉटवर गेले. यांच्या हातात आता वॉकरऐवजी काठी होती. हे मागून चालत गेले, आणि मी यांच्या मागून.

भंगारवाल्याने बंपर बघितला आणि खाली वाकून जिथे किल्लीने खरवडलं होतं ती जागा शोधायला लागला. सापडेना. त्या जागी बारीकसा काळा ठिपका होता, मेणाखाली, बोटाला लागतही नव्हता. दुसऱ्या माणसाने जाणत्याप्रमाणे बंपरच्या मागे हात घातला आणि बाहेर काढून बोटं बघितली. कोरडी होती. चाकाची एक टोपी काढायला लावली. आतलं बघितलं. मग आम्हाला विचारलं, हा ट्रक पावसाळाभर शेडमध्ये होता का. भावजी म्हणाले, याच जागेवर होता, उघड्यावर. त्या माणसाने इंजिन ऐकायचं म्हटलं. मी चढले, उशी पाठीशी घेतली आणि सुरू केलं. एका फटक्यात लागलं. भंगारवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसरा माणूस मात्र लगेच बोलणी करायला लागला. मोडीचा आकडा त्याने काढलाच नाही, चालत्या गाडीची भाषा बोलायला लागला, आणि यांनी नकाराची मान हलवली तसा आकडा चढवत गेला.

यांनी त्याला मध्येच थांबवलं. काठी ट्रकला टेकवून ठेवली, दोन्ही पायांवर उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी विकायची नाय. आता तर नायच नाय."

मग भावाकडे वळून म्हणाले, पाहुण्यांना चहा सांग. भावजी हसत घरात गेले. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "वहिनी, बरं झालं मला ओरडलात."

मी ओरडले नव्हते. पण ते राहू दिलं.

दसऱ्याला ट्रकची पूजा केली. झेंडूच्या माळा बंपरवर बांधताना मी खाली पंचा घातला, फुलांचं पाणी क्रोमवर राहू नये म्हणून, आणि संध्याकाळी माळा काढून ती जागा पुन्हा पुसली. हे म्हणाले आता तू माझ्यापेक्षा बिघडलीस.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, पाय वाकवून बघितला आणि परवानगी दिली. आधी जवळच्याच खेपा करायच्या, ताडपत्री बांधायला माणूस ठेवायचा, या अटींवर. पहिल्या खेपेला मी बरोबर गेले. जेली पुसून काढलेल्या बंपरवर सकाळच्या उन्हात डोळा ठरत नव्हता. हे चढताना मी खाली उभी राहिले, हात द्यायच्या तयारीने. यांनी हात घेतला नाही. दांडा धरून, बरा पाय आधी, मग सळईचा पाय, असे एका दमात वर गेले आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले. माझी उशी उचलून माझ्याकडे दिली.

एकलहऱ्याला राखेसाठी ट्रकची रांग होती. सगळे ड्रायव्हर ओळखीचे. हे दिसले तसे एकेक जण उतरून आले, पाय दाखवायला लावला, खांद्यावर थापा मारल्या. मग त्यांचं लक्ष बंपरकडे गेलं. त्यांच्या ट्रकांचे बंपर रांगेत समोरच होते, कोणाचे तांबारलेले, कोणाचे रंगाने झाकलेले. एक म्हातारा ड्रायव्हर, ज्याने यांना तरुणपणी गाडी शिकवली होती, बोटाने बंपर चोळून बघत होता. त्याने विचारलं की नवीन क्रोम कुठून करून आणलंस, सातपूरहून का.

"जुनंच हाय," हे म्हणाले. "मी तर पडून होतो."

"मग?"

यांनी केबिनकडे बोट दाखवलं. "हिला विचारा. मला तिच्याएवढं येत नाय."

सगळ्यांनी वर बघितलं. मी साडीचा पदर खोचला आणि उतरले. त्यांनी विचारायला सुरुवात केली, कोणतं पॉलिश, कोणता साबण, किती दिवसांनी. मी म्हटलं पॉलिशचं नंतर सांगते, आधी इकडे या. म्हाताऱ्या ड्रायव्हरचा ट्रक आमच्या मागेच उभा होता. त्याच्या बंपरपाशी गेले आणि त्यांना म्हटलं, बाबा, मागे हात घाला. त्यांनी घातला, आणि ओंजळभर करडी राख घेऊन बाहेर काढला. बाकीचे एकेक करत आपापल्या ट्रककडे वळले आणि सगळे आपापल्या बंपरमागे हात घालून वाकले. रांग पुढे सरकायला लागली तरी कोणी जागचं हललं नाही. मागून हॉर्न वाजायला लागले, आणि हे पुन्हा केबिनमध्ये चढून बसून मोठमोठ्याने हसत होते.